लाल फांद्यांच्या मागावर : आल्गेरो, कार्लोफोर्ते आणि त्रापानी

शुक्रवार : आल्गेरो

सार्डिनियाच्या वायव्य किनाऱ्यावर आल्गेरो हे तटबंदीचे शहर आहे. त्याच्या नगरचिन्हात समुद्रातल्या खडकावर उगवलेली लाल प्रवाळाची फांदी आहे आणि तिच्या वर आरागॉनच्या राजघराण्याचे पिवळे-तांबडे पट्टे आहेत. आरागॉनच्या राजाने १३५४ मध्ये हे शहर घेतले, पुढे जुन्या रहिवाशांना बाहेर काढले आणि कातालोनियातून माणसे आणून येथे वसवली. म्हणूनच इटलीच्या या कोपऱ्यात आजही काही वृद्ध माणसे आपापसात कातालान बोलतात आणि रस्त्यांच्या पाट्यांवर दोन भाषांतली नावे दिसतात. राजाला हे बंदर हवे होते त्याची कारणे अनेक होती, पण इथल्या पाण्यातले प्रवाळ हे त्यांतले मोठे कारण होते. पंधराव्या शतकात बार्सिलोनाचे व्यापारी येथून प्रवाळ उचलत आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकापर्यंत पाठवत.

आम्ही दोघी बहिणी सप्टेंबरच्या अखेरीस येथे पोहोचलो. ताई इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका आहे आणि प्रवाळाची मासेमारी करणाऱ्या वस्त्या प्रत्यक्ष पाहाव्यात ही कल्पना तिचीच. दुपारी शहरातले प्रवाळाचे संग्रहालय पाहिले. ते एका जुन्या बंगल्यात आहे आणि लहान असले तरी तेथे घाई करू नये. दागिन्यांत वापरले जाणारे भूमध्य समुद्रातले लाल प्रवाळ उष्ण कटिबंधातल्या प्रवाळ-बेटांसारखे उन्हात, उथळ पाण्यात वाढत नाही. त्याला अंधूक उजेड लागतो. गुहांच्या छतांना, कपारींच्या खालच्या बाजूंना ते उलटे लटकलेले असते. त्याची फांदी वर्षाला जेमतेम मिलिमीटरच्या काही अंशांनी जाड होते. करंगळीएवढ्या जाडीची फांदी तयार व्हायला अनेक दशके लागतात, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा कोणताही इतिहास नीट समजत नाही. प्रवाळाचा एक तट ओरबाडला की पुढच्या पिढीसाठी तेथे काही उरत नसे आणि होड्यांना नवा किनारा शोधावा लागे. या धंद्यातली माणसे सतत का हलत राहिली, त्याचे उत्तर या वाढीच्या वेगातच आहे.

हा जीव आहे हेसुद्धा युरोपला फार उशिरा कळले. पाण्याखाली मऊ असणारी ही वनस्पती हवा लागताच दगड होते, अशी समजूत प्राचीन काळापासून चालत आली होती. मार्सेच्या झाँ-आंद्रे पेसोनेल या वैद्याने १७२५ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ताजे काढलेले प्रवाळ समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिले आणि ज्यांना फुले म्हटले जात होते ते हातपाय आखडून घेणारे प्राणी आहेत, असे मांडले. पॅरिसच्या विद्वानांनी ते तेव्हा मान्य केले नाही. हे निरीक्षण त्याला करता आले ते प्रवाळाच्या होड्यांमुळे, हे मला विशेष वाटते.

संध्याकाळी जुन्या शहरातल्या एका कारागिराच्या दुकानात गेलो. ताईच्या गळ्यात आमच्या आजीची पोवळ्यांची माळ होती. त्या वृद्ध गृहस्थांनी परवानगी मागून ती हातात घेतली, भिंग डोळ्याला लावले आणि बराच वेळ एकेक मणी फिरवून पाहिला. मग भिंग आमच्या हाती दिले. मण्याच्या पृष्ठभागावर केसाहून बारीक समांतर रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या दिसत होत्या आणि भोकाजवळ, जिथे दोरा वर्षानुवर्षे घासला होता, तिथे लाली फिकट होऊन कड गुळगुळीत झाली होती. रंग आणि रेषा पाहता हे भूमध्य समुद्रातलेच प्रवाळ आहे, मात्र कोणत्या किनाऱ्यावरचे ते कोणीही सांगू शकणार नाही, असे ते म्हणाले. रंग दिलेल्या दगडात किंवा काचेत अशा रेषा नसतात.

हे प्रवाळ आमच्याकडे येण्याचा रस्ता फार जुना आहे. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहितो की रोमन स्त्रियांना मोत्यांचे जेवढे मोल तेवढेच भारतीयांना प्रवाळाचे, आणि तिकडे एवढा माल जातो की प्रवाळ जिथे निघते तिथेच ते क्वचित दिसते. अठराव्या शतकातला रस्ता तर कागदपत्रांतून स्पष्ट दिसतो. इटलीच्या लिव्होर्नो बंदरातील एर्गास आणि सिल्वेरा ही सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या, ज्यूंची पेढी लिस्बनमार्गे गोव्याला प्रवाळ पाठवी. गोव्यातले कामत घराण्यातले सारस्वत व्यापारी ते विकून मोबदल्यात हिरे रवाना करत. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना कधी भेटली नाहीत. पत्रे पोर्तुगीजमध्ये लिहिली जात आणि पत्राचे उत्तर हाती पडायला वर्षाहून अधिक काळ लागे. तरीही उधारीवर हा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. गोव्याच्या आणि कोकणच्या घराघरांतल्या जुन्या माळांकडे पाहताना या व्यापाराचा विचार मनात यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

रात्री तटाजवळच्या खानावळीत फ्रेगोला खाल्ला. रव्याचे भाजलेले बारीक गोळे शिंपल्यांच्या रशात शिजवलेले असतात. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये; भाजलेली वांगी, मेंढीच्या दुधाचे चीज आणि पापडासारखी पातळ काराझाऊ भाकरी सगळीकडे मिळते. जुन्या शहरात मुक्काम करायचा असेल तर गाडी तटाबाहेर ठेवावी लागते, हे आधीच गृहीत धरावे.

शनिवार : कापो काच्चा

सकाळी उठलो तेव्हा वायव्येचा मिस्त्राल वारा सुटला होता. आल्गेरोजवळच्या कापो काच्चा या कड्यातल्या नेपच्यूनच्या गुहेकडे जाणाऱ्या नावा बंद होत्या आणि लाटा आत शिरत असल्याने गुहाही बंद होती. कड्यावरून गुहेपर्यंत उतरणाऱ्या साडेसहाशेहून अधिक पायऱ्या आहेत. तिथपर्यंत जाण्याआधी त्या दिवशी गुहा उघडी आहे का, याची चौकशी अवश्य करावी.

आम्ही मात्र कड्यावरच थांबलो. चुनखडकाचा तो पांढरा कडा सरळ समुद्रात उतरतो आणि पाण्याखालीही तसाच उतरत जातो. त्याच्या कपारींत आणि बुडालेल्या गुहांत हे प्रवाळ वाढते. वाऱ्यामुळे आमच्या तोंडावर खारे तुषार येत होते, ताईची ओढणी सारखी उडत होती, आणि खाली पाण्याचा रंग घटकेत निळा, घटकेत शिसवी दिसत होता. शिडाच्या होड्या या कड्याला चिकटून काम करत असतील तेव्हा वारा फिरला की त्यांची काय अवस्था होत असेल, हे येथे उभे राहिल्यावर कळते.

त्यांचे मुख्य साधन म्हणजे ‘इन्जेन्यो’. दोन जड लाकडी ओंडके आडवे-उभे बांधून फुली करायची, मधोमध मोठा दगड बसवायचा आणि चारही टोकांना तागाच्या सैल जाळ्यांचे झुबके लोंबत सोडायचे. ही फुली जाड दोराने तळाशी सोडून होडी वल्ह्यांनी किंवा वाऱ्याच्या जोरावर पुढे ढकलली जाई. ओंडके कपारींत घुसून फांद्या मोडत आणि मोडलेल्या फांद्या जाळ्यांत अडकत. मग होडीवरच्या रहाटाभोवती खलाशी फिरत राहात. फुली खडकात अडकली की तोच दोर ढिला करून पुन्हा ताणायचा, पुन्हा ढिला करायचा, असे तासन्‌तास चाले. कितीतरी तुकडे वर येताना निसटून खोल पाण्यात जात आणि कोणाच्याच उपयोगी पडत नसत. वसंतापासून शरदापर्यंत चालणाऱ्या या हंगामात खलाशांच्या वाट्याला बहुतांशी खडखडीत सुकी बिस्किटे येत. हंगामाच्या आधी घेतलेली उचल हंगामाच्या शेवटी हिशेबातून वजा होई आणि अनेकांच्या हाती थोडेच उरे. अशा श्रमांचा हिशेब मण्याच्या किमतीत कुठेच दिसत नाही.

संध्याकाळी आमच्या यजमानांच्या ओळखीचे एक पाणबुडे भेटले. त्यांच्याकडे प्रवाळ काढण्याचा परवाना आहे आणि त्यांच्या हंगामाचे शेवटचे दिवस चालले होते. फुलीसारखी साधने ओढण्यास युरोपीय संघाने १९९४ मध्ये बंदी घातली. आता पाठीवर हवेच्या नळकांड्या बांधून खाली जायचे आणि लहान कुदळीने निवडून फांदी तोडायची, एवढीच पद्धत उरली आहे. पन्नास मीटरपेक्षा उथळ पाण्यातले प्रवाळ काढणे आता भूमध्य समुद्रात नियमबाह्य आहे. म्हणजे पूर्वी होडीतली माणसे जो धोका पत्करत, तो आता एकटा पाणबुड्या पत्करतो. बारीक फांदी दिसली की हात मागे घेता का, असे ताईने विचारले. “घ्यावाच लागतो, ती माझ्या नातवाची,” असे ते म्हणाले आणि त्यांच्या बोलण्यात दिखावा अजिबात नव्हता.

रविवार : बोसामार्गे दक्षिणेकडे

आल्गेरो ते बोसा हा किनाऱ्याचा रस्ता वळणावळणाचा आणि अतिशय सुंदर आहे. वाटेत गिधाडे घिरट्या घालताना दिसली. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा आणि या रस्त्यावर पेट्रोलपंप फार कमी आहेत हे ध्यानात ठेवावे.

बोसाच्या नदीकाठी रंगीत घरांसमोर कॉफी घेतली. नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको या गावाच्या प्रवाळ-होड्या दरवर्षी सार्डिनियाच्या या किनाऱ्यावर येत आणि महिनोन्‌महिने घरापासून दूर राहात. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावाने या धंद्याला स्वतःचा कायदाच मिळवला. नेपल्सच्या राजाने १७९० मध्ये ‘कोदिचे कोराल्लिनो’ म्हणजे प्रवाळसंहिता लागू केली आणि नाखवे, खलाशी व होड्यांचे मालक यांच्यातले व्यवहार व तंटे तिच्या कक्षेत आणले. १७९४ मध्ये ज्वालामुखीच्या लाव्ह्याने गाव गिळले, तरी लोकांनी त्याच जागी पुन्हा घरे बांधली. १८०५ मध्ये मार्सेच्या बार्तोलोमेओ मार्तिन याने तेथे प्रवाळ घडवण्याचा कारखाना काढला. तोपर्यंत हे गाव प्रामुख्याने कच्चा मालच काढत होते. आमच्या वेळापत्रकात तोर्रे देल ग्रेको बसले नाही. नेपल्सला जाणाऱ्यांनी तेथील प्रवाळविद्यालयाचे संग्रहालय पाहायचे ठरवले तर आधी वेळ मागून घ्यावी.

सोमवार आणि मंगळवार : कार्लोफोर्ते

सार्डिनियाच्या नैऋत्येकडील कालासेत्ताहून नावेने अर्ध्या तासात सान पिएत्रो बेटावरचे कार्लोफोर्ते गाठता येते. सगळ्या प्रवासात माझे मन सर्वाधिक गुंतले ते या गावात.

जेनोआजवळच्या पेल्यी गावचे प्रवाळ काढणारे लोक सोळाव्या शतकात जेनोआच्या लोमेल्लिनी घराण्याच्या आश्रयाने ट्युनिसियाच्या किनाऱ्याजवळच्या तबार्का या लहानशा बेटावर जाऊन राहिले. बेट घराण्याच्या ताब्यात, म्हणून निघालेले प्रवाळ त्यांनाच ठरलेल्या भावाने द्यावे लागे. दोनशे वर्षे ही वस्ती तिथे टिकली. नंतर लोकसंख्या वाढली, जागा पुरेना, प्रवाळही हाती लागेना. तेव्हा १७३८ मध्ये त्यांच्यातले काही जण सार्डिनियाचा राजा तिसरा कार्लो एमानुएले याच्या परवानगीने या ओसाड बेटावर आले आणि त्यांनी राजाच्या नावाने गाव वसवले. मागे राहिलेल्यांचे दैव वाईट. १७४१ मध्ये ट्युनिसच्या ‘बे’ने, म्हणजे तिथल्या शासकाने, तबार्का जिंकले आणि तेथील माणसांना कैद करून नेले. त्यांच्यातले काही पुढे खंडणी भरून सुटले आणि कार्लोफोर्तेला आले, काहींनी १७७० मध्ये कालासेत्ता हे गाव वसवले, आणि काहींना स्पेनच्या राजाने सोडवून आलिकांतेजवळच्या एका बेटावर वसवले. त्या बेटाला आजही नवे तबार्का म्हणतात.

आमच्या घरमालकीण सत्तरीच्या होत्या. त्या शेजारणीशी जी बोली बोलत होत्या ती सार्डिनियन नव्हे तर जेनोआकडची, आणि ती आफ्रिकेचा किनारा फिरून येथे आली आहे. सोमवारी संध्याकाळी त्यांनी ‘काश्का’ केला तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातच बसून राहिलो. रवा परातीत घेऊन त्यावर बोटांनी पाणी शिंपडत त्या तळव्याने गोल गोल फिरवत होत्या. हळूहळू रव्याचे दाणे सुटे आणि गोल झाले. मग ते तळाला भोके असलेल्या मातीच्या भांड्यात घालून भांडे वाफेवर ठेवले आणि सांध्याला कणकेची पट्टी लावली, थेट आपल्याकडे हंडीचे तोंड लिंपतात तशी. वाफवलेला रवा कपड्याखाली मुरू दिला आणि शेवटी कोबी, गाजर, वाटाणे, हरभरे घालून वाढला. ट्युनिसियातला हा कुसकुस त्यांच्या पूर्वजांनी तबार्काहून आणला. ताईने एक घास खाऊन त्यांना हात जोडले. त्यांना अर्थ बरोबर कळला आणि त्यांनी ताटात आणखी वाढले.

मंगळवारी गाव फिरलो. बंदरावर राजाचा पुतळा आहे आणि त्याचा एक हात तुटलेला आहे. १७९३ च्या फ्रेंच स्वारीच्या वेळी पुतळा लपवताना तो तुटला, असे गावकरी सांगतात. त्याहून मनाला भिडते ते ‘दास्यमाते’चे, म्हणजे मेरीमातेचे, लहानसे देऊळ. १७९८ च्या सप्टेंबरमध्ये ट्युनिसच्या चाच्यांनी पहाटे गावावर घाला घातला आणि सुमारे नऊशे माणसे पकडून नेली. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. पाच वर्षांनी, १८०३ मध्ये, खंडणी भरल्यावर बहुतेक जण परतले. दास्यात असलेल्या निकोला मोरेत्तो याला १८०० मध्ये ट्युनिसियात लाकडाची काळसर मातृमूर्ती सापडली आणि ती कैद्यांचे आश्रयस्थान झाली. ती बहुधा एखाद्या जहाजाच्या नाळेवरची असावी, असे मानतात. दर १५ नोव्हेंबरला येथे तिचा उत्सव होतो. परत न आलेल्यांमध्ये फ्रान्चेस्का रोस्सो ही मुलगी होती. ती पुढे बेच्या घराण्यात गेली, तिचा मुलगा अहमद १८३७ मध्ये ट्युनिसच्या गादीवर आला आणि त्याने १८४६ मध्ये आपल्या राज्यातली गुलामगिरी बंद केली. देवळाच्या बाकावर बसून ताईने मला ही हकीकत सांगितली, तेव्हा काही वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही.

कार्लोफोर्तेला किमान एक रात्र राहावेच. दुपारी एकच्या सुमारास दुकाने बंद होतात आणि पाचपर्यंत उघडत नाहीत. तो वेळ मिठागरांकडे फिरायला चांगला, तेथे रोहित पक्षी दिसतात. नगर संग्रहालय उघडे असण्याचे दिवस आधी विचारून घ्यावेत.

गुरुवार : त्रापानी

सार्डिनियातल्या काल्यारीहून सिसिलीतल्या पालेर्मोला जाणाऱ्या रात्रीच्या जहाजाच्या आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून प्रवासाची आखणी त्याच तारखेपासून मागे-पुढे करावी. पालेर्मोहून त्रापानीला बस सोयीची आहे.

त्रापानीच्या कारागिरांनी सोळाव्या आणि सतराव्या शतकांत प्रवाळाला जे रूप दिले ते पेपोली संग्रहालयात पाहायला मिळते. तिथला मातेओ बावेरा या धर्मबंधूचा १६३३ चा दिवा सोनेरी मुलाम्याच्या तांब्याचा आणि प्रवाळाचा आहे. तांब्याच्या पत्र्याला नक्षीची भोके पाडायची, प्रवाळाचे घासून गुळगुळीत केलेले बारीक तुकडे मागच्या बाजूने त्यांत बसवायचे, डांबर आणि मेण ओतून ते पक्के करायचे आणि वर दुसरा पत्रा लावून पाठ झाकायची, अशी ती पद्धत होती. फुलीने मोडून आलेला लहानात लहान तुकडाही या पद्धतीत कामी येत असे. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा आहे, काही थेंबासारखे आहेत, काही स्वल्पविरामासारखे वळलेले, आणि रंगाच्या छटाही थोड्याथोड्या निराळ्या. हे काम राजांना आणि धर्मगुरूंना भेट म्हणून जाई. १६२८ मध्ये येथील प्रवाळ-कारागिरांच्या संघाची नियमावली मान्य झाली होती. त्याआधी या कलेत ज्यू कारागिरांचे स्थान मोठे होते आणि १४९२ च्या हुकुमाने स्पेनच्या राजसत्तेने त्यांना सिसिलीतून घालवले. येथेही पुन्हा तेच, हात कसबी झाले की त्यांना उखडून टाकायचे.

रात्री जेवणात माशाच्या रशाबरोबर कुसकुस आला आणि बाजूच्या टेबलावर बदाम-टोमॅटोचा पेस्तो घातलेला पास्ता होता. तो जेनोआच्या खलाशांकडून येथे आला, असे सांगतात. खानावळवाल्यांच्या आजोबांचे गाव सिसिलीच्याच नैऋत्य किनाऱ्यावरचे शाक्का. १८७५ ते १८८० च्या दरम्यान शाक्काच्या समोरच्या समुद्रात मृत प्रवाळाचे प्रचंड थर सापडले, सगळीकडून होड्या धावल्या, आणि बाजारात माल इतका झाला की भाव कोसळले. त्यानंतर जुन्या पद्धतीची मासेमारी पुन्हा तशी सावरली नाही आणि तोर्रे देल ग्रेकोच्या कारखान्यांत जपानचे प्रवाळ येऊ लागले. “आजोबांच्या तोंडून आम्ही एवढेच ऐकले की शेवटी प्रवाळ कवडीमोल झाले होते,” असे ते म्हणाले.

विकत घ्यायचे असल्यास दुकानदाराला प्रवाळ भूमध्य समुद्रातले आहे की जपानचे, ते अखंड आहे की भुकटी जोडून केलेले, आणि रंगवलेले आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. जुन्या माळा दुरुस्त करणारे कारागीर आल्गेरो आणि त्रापानी या दोन्ही शहरांत आहेत. ताईच्या माळेचा दोरा एकाने तासाभरात बदलून दिला. ज्यांच्याकडे ट्युनिसियाचा व्हिसा आहे त्यांना पालेर्मोहून जहाजाने ट्युनिसला जाता येते. तबार्काचे बेट आता बांधाने जमिनीला जोडले गेले आहे आणि त्यावर जेनोआवाल्यांचा किल्ला उभा आहे. पुढच्या वर्षी ताईला तिकडे न्यायचे आम्ही ठरवले आहे.